इंधन जाळण्याचे तीन तास

विमानाची चाके बाहेर येत नाहीत असे कळल्यावर वैमानिकाने प्रथम काय करावे? उत्तर अगदी साधे आहे: विमान उडवत राहावे.

१३ मे २०२४ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसलहून पोर्ट मॅक्वारीकडे निघालेल्या दोन इंजिनांच्या एका छोट्या विमानावर हा प्रसंग आला. उड्डाणानंतर थोड्याच वेळात चाकांच्या यंत्रणेत बिघाड झाला. आत ५३ वर्षांचा वैमानिक आणि दोनच प्रवासी होते: ६० वर्षांचे एक गृहस्थ आणि ६५ वर्षांच्या एक बाई. विमान तीन तासांहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत राहिले. इंधन जाळायचे होते. टाकी रिकामी होत गेली की विमान हलके होते, कमी वेगाने टेकवता येते आणि आग लागलीच तर पेटायला थोडेच उरते. शेवटी वैमानिकाने ते पोटावरच धावपट्टीला टेकवले. घसरत जाऊन ते थांबले आणि तिघेही आपल्या पायांनी बाहेर आले.

माझे मन त्या दोन प्रवाशांपाशी रेंगाळते. वैमानिकाच्या हाताला काम होते. त्यांना फक्त पट्टा बांधून बसायचे होते. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढणाऱ्यांना हे बसणे ठाऊक असते.

याच्या उलट घडलेली गोष्टही सांगायला हवी. डिसेंबर १९७२ मध्ये अमेरिकेत मायामीजवळ एका मोठ्या प्रवासी विमानात पुढच्या चाकाचा दिवा लागेना. सारे वैमानिक त्या दिव्याच्या मागे लागले, आणि विमान हळूहळू खाली येत असल्याचे कोणाच्या ध्यानी आले नाही. ते दलदलीत कोसळले. शंभरावर माणसे गेली. बिघाड होता तो केवळ दिव्यात. चाक व्यवस्थित खाली आलेले होते.

घरोघरी आता असे दिवे आहेत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर थंड पडलेल्या बोटावर किंवा नखांच्या रंगामुळे चुकीचा आकडा दाखवू शकतो. आकडा घसरलेला दिसताच सारे घर यंत्राभोवती जमते. त्या वेळी रुग्णाकडे पाहावे. श्वास लागतो आहे का, ओठ निळसर दिसतात का, विचारलेल्याचे उत्तर नीट येते का? मग बोट चोळून, गरम करून पुन्हा मोजावे. ही लक्षणे दिसत असतील, तर मात्र मोजत बसू नये.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई पहाटे न्हाणीघराच्या दारात पडल्या. मी बगलेत हात घालणार, तोच त्या म्हणाल्या, “थांब गं, आधी मला कुठे दुखतंय ते बघू दे.” त्या ८१ वर्षांच्या. मी त्यांच्या अंगावर शाल घातली, डोक्याला मार लागलेला नाही ना ते पाहिले, पाय हलवायला सांगितले. कंबरेत कळ आली असती किंवा एक पाय आखूड, वळलेला दिसला असता, तर न हलवता रुग्णवाहिकाच बोलवावी लागली असती. तसे काही नव्हते. खुर्ची जवळ ओढली आणि दहा-बारा मिनिटांनी, तिच्या आधाराने, त्या आपल्या आपण उठल्या. ती मिनिटे मला फार लांब वाटली.

अर्थात प्रत्येक प्रसंगी जाळायला इंधन हाती नसते. तोंड एका बाजूला वाकडे झाले, बोलणे अडखळले, एक हात लुळा पडला, छातीत दाब आला, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोके आपटले, तर एक मिनिटही थांबू नये. लगेच १०८ ला फोन करावा.

सासूबाईंच्या मनगटाचे हाड मात्र मोडले होते, ते दुपारी क्ष-किरण तपासणीत कळले. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या काळात त्यांची तक्रार एकच होती: माझ्या पोळ्या जाड होतात.