दोन नोव्हेंबरच्या मिस्सेबद्दल

वसई, ऑक्टोबरअखेर

चि. बाय,

टोरांटोत थंडी पडायला लागली असेल, जपून राहा.

तुझ्या मैत्रिणीने विचारलेला प्रश्न तू फोनवर सांगितलास, तेव्हापासून तो माझ्या डोक्यात आहे. आजी गेली, तिचा न्याय देवापाशी झाला, मग आता तिच्या नावाने मिस्सा ठेवून काय बदलणार? मैत्रीण नगरच्या प्रोटेस्टंट घरातली. तिथे 1831 मध्ये अमेरिकन मिशनरी आले, त्यांच्या परंपरेतली. त्या चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या चर्चच्या चुकीपासून सुरू होतो. म्हणून तिला उत्तर देण्याआधी हे नीट वाच.

पण आधी कबरीबद्दल, कारण आपल्या माणसांचीही तिथेच गल्लत होते. आत्मा स्वर्गात गेला आणि देहाचे काम संपले, एवढीच आपली श्रद्धा असती तर दर रविवारी श्रद्धा-अंगीकारात आपण पुनरुत्थानाचा उच्चार केलाच नसता. प्रभू येशू तिसऱ्या दिवशी उठला तो देहानिशी. त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. आपणही तसेच उठणार आहोत. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल बियाण्याचा दाखला देतो: पेरतो ते एक आणि उगवते ते वेगळेच, तरी ते त्याच बियाचे असते. वसईच्या बागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही.

जागा कमी पडते म्हणून आजोबांची कबर काही वर्षांनी पुन्हा उघडली, हाडे बाजूला ठेवली आणि तिथे दुसऱ्याला जागा दिली, तेव्हा तू फार रडली होतीस. शेवटच्या दिवशी आजोबा सापडतील कसे, असे विचारले होतेस. हाच प्रश्न सन 177 मध्ये ल्योन शहरात फार क्रूरपणे विचारला गेला. तिथल्या ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारले, प्रेते सहा दिवस उघड्यावर टाकली, मग जाळून राख ऱ्होन नदीत सोडून दिली. या लोकांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये, हा त्यामागचा हेतू होता. ती हकिगत मागे राहिलेल्यांनीच पत्रातून कळवली आणि इतिहासकार युसेबियसने चर्चच्या आपल्या इतिहासात ती जपली. त्यांची आशा तुटली नव्हती. ज्याने शून्यातून निर्माण केले त्याला नदीतली राख अवघड नाही. 1963 मध्ये रोमने कॅथलिकांना दहनाची परवानगी दिली तीही याच विश्वासावर. राख मात्र उधळू नये, पवित्र जागी ठेवावी, असे 2016 मध्ये पुन्हा बजावले, कारण त्या देहाचा बाप्तिस्मा झालेला असतो, त्याने ख्रिस्तशरीर स्वीकारलेले असते.

आता मिस्सेकडे येतो. मेल्याबरोबर प्रत्येकाचा न्याय होतो, हे तुझ्या मैत्रिणीचे म्हणणे आपल्यालाही मान्य आहे. पण देवाशी जोडलेले असूनही पुरते निर्मळ न होता किती जण जातात! मनात एखादी अढी असते, एखादा हिशेब चुकता करायचा राहिलेला असतो. त्यांचे तारण झालेलेच असते. देवासमोर उभे राहण्याआधीची जी शुद्धी, तिला आपण शुद्धीस्थान म्हणतो. त्या अवस्थेतल्या माणसाला आपली प्रार्थना पोहोचते, ही श्रद्धा ख्रिस्ताच्याही आधीची आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या आपल्या सैनिकांच्या पापांसाठी वर्गणी जमवतो आणि बलिदानासाठी यरुशलेमला पाठवतो. हे पुस्तक आपल्या बायबलमध्ये आहे, तिच्या बायबलमध्ये नाही. निम्मा वाद इथेच आहे.

मला स्वतःला मक्काबींपेक्षा संत मोनिका जवळची वाटते. ती उत्तर आफ्रिकेची. नवऱ्याशेजारी आपल्याला पुरावे, ही तिची आयुष्यभराची इच्छा. त्यासाठी तिने जागाही तयार करून ठेवली होती. सन 387 मध्ये मुलाबरोबर, म्हणजे संत ऑगस्टीनबरोबर, घरी परतताना रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती तापाने आजारी पडली. तेव्हा तिने मुलांना सांगितले की देह कुठेही ठेवा, त्याची काळजी करू नका. फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. परदेशात मरायची भीती वाटत नाही का, असे कुणी विचारल्यावर देवापासून लांब काहीच नसते, असे तिचे उत्तर होते. तू आजीच्या मातीला येऊ शकली नाहीस हे तुला अजून बोचते, म्हणून हे लिहितोय.

2 नोव्हेंबर ही तारीख ठरली फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात. दहाव्या शतकाच्या अखेरीस मठाधिपती ओदिलो यांनी आपल्या सगळ्या मठांना सांगितले की सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृतांसाठी प्रार्थना करा. ज्यांचे नाव घेणारे कुणी उरले नाही त्यांच्यासाठीही. पुढे ती प्रथा सगळीकडे गेली.

आणि मग पैसा आला. 1517 मध्ये योहान टेट्झेल जर्मनीत दंडमाफीची, म्हणजे पापांची उरलेली शिक्षा माफ होण्याची, पत्रे विकत फिरत होता. रोममधल्या संत पेत्राच्या महामंदिराचे बांधकाम चालू होते, त्याला पैसा हवा होता. गरीब बाई मेलेल्या आईच्या यातना कमी व्हाव्यात म्हणून नाणी मोजत होती. मार्टिन ल्यूथरने याविरुद्ध 95 मुद्दे मांडले आणि या बाबतीत तो बरोबर होता, हे मी कॅथलिक म्हणून लिहितो. तेव्हा त्याने शुद्धीस्थान नाकारलेही नव्हते, ते नंतर नाकारले. पुढे प्रोटेस्टंटांनी मृतांसाठीची प्रार्थनाच सोडली: तारण फक्त ख्रिस्ताने मिळवून दिले, त्यात आपली भर कशाला? आपल्या चर्चने 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेत शुद्धीस्थानाची शिकवण कायम ठेवली, पण त्या नावाखालचा हव्यास आणि अंधश्रद्धा बंद करा, असे बिशपांना बजावले. दंडमाफीला जोडलेली वर्गणी 1567 मध्ये पोपनी रद्द केली.

भीती मात्र पुष्कळ वर्षे राहिली. ज्वाळांमधून हात वर केलेल्या आत्म्यांची चित्रे जुन्या लोकांनी पाहिली आहेत. अंत्यविधीला फादर काळा झगा घालत, प्रार्थना लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ठरवले की अंत्यविधीत ख्रिस्ताच्या मरण-पुनरुत्थानाची छाप अधिक स्पष्ट दिसली पाहिजे. म्हणून तू व्हिडिओत पाहिलेस त्याप्रमाणे आजीच्या मिस्सेला फादर पांढऱ्या झग्यात होते, पेटीशेजारी ईस्टरची मोठी मेणबत्ती तेवत होती, आणि पेटीवर पवित्र पाणी शिंपडले ते तिच्या बाप्तिस्म्याच्या आठवणीसाठी. गाणी मराठी होती, तिला पाठ असलेली. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2007 च्या आशेवरच्या पत्रात काही ईशज्ञानपंडितांचे मत दिले आहे की शुद्ध करणारा तो अग्नी म्हणजे ख्रिस्तच, त्याच्याशी होणारी दृष्टादृष्ट. मला हे मनापासून पटते. आजी फटकळ होती, धाकट्या जावेशी शेवटपर्यंत बोलली नाही. प्रभूच्या नजरेसमोर ती अढी सुटताना तिला त्रास होणारच. त्या वेळी आपण तिच्या बाजूला उभे असावे, एवढ्यासाठी मिस्सा. ख्रिस्ताच्या कामात आपण भर घालत नाही. त्याच्या देहाचे आपण सगळे अवयव आहोत, जिवंत आणि मृत, म्हणून एकमेकांसाठी मागतो. मैत्रीण तुझ्या परीक्षेसाठी प्रार्थना करतेच ना? आपण तेच मरणापलीकडेही चालू ठेवतो, असे तिला सांग. पटले नाही तरी तिच्याशी अबोला धरू नकोस. पुनरुत्थानावर तुम्हा दोघींचा विश्वास एकच आहे.

आमची इकडची तयारी झाली आहे. कबर साफ केली, चुना मारला, झेंडू शेजारच्या वाडीतून येणार आहे. संध्याकाळी दफनभूमीत मिस्सा, मग फादर एकेक कबर आशीर्वादित करतील.

तुला तिथे करता येण्यासारखेही आहे. 1 ते 8 नोव्हेंबरच्या दरम्यान कुठल्याही दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली तर त्याची पूर्ण दंडमाफी मृतांना अर्पण करता येते. कबर आपल्याच माणसाची हवी असे नाही. त्यासाठी प्रायश्चित्त संस्कार घे, कम्युनियन घे आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना कर. शिवाय तिथल्या चर्चमध्ये नोव्हेंबरसाठी मृतांच्या नावांची वही ठेवतात का ते विचार. ठेवत असतील तर आजीचे नाव लिही आणि त्याखाली तिच्या त्या जावेचेही.

तुझा,
मामा