कुंभार आणि वारूळ

आझादनगरचा गणपती, अंधेरीचा राजा, अनंत चतुर्दशीला जात नाही. तो संकष्टीपर्यंत थांबतो आणि मग वेसाव्याच्या समुद्राकडे निघतो. मंडळ १९६६ सालचं, आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांनी उभं केलेलं. टाळेबंदी उठू दे, संकष्टीला विसर्जन करू, असा नवस कामगारांनी बोलला आणि टाळेबंदी उठली, असं सांगतात.

‘पावला, म्हणजे तो आहेच.’ देवाच्या अस्तित्वाचा आपल्याकडे सर्वांत जास्त दिला जाणारा पुरावा हाच. अडचण अशी, की नवस फेडायच्या रांगेत फक्त काम झालेली माणसं उभी असतात. ज्यांचं झालं नाही ती घरी असतात. सिसेरोनं दियागोरास या ग्रीक नास्तिकाची गोष्ट नोंदवली आहे. वादळातून वाचलेल्यांनी देवळात वाहिलेल्या तसबिरी त्याला कुणी दाखवल्या आणि म्हटलं, बघ, देव काळजी घेतात की नाही. त्यानं विचारलं, जे बुडाले त्यांच्या तसबिरी कुठे लावल्यात?

त्या कामगारांचा नवस मात्र मला पोकळ वाटत नाही. पगार बंद, घरात पोरं, पुढे काय ते ठाऊक नाही, अशा दिवसांत सगळ्यांनी मिळून एक शब्द दिला आणि पुढच्या पिढ्यांनी तो पाळला. यातून कामगारांविषयी पुष्कळ कळतं. देवाविषयी काही सिद्ध होत नाही.

*

अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल खालून बघितला की मान दुखेपर्यंत बघावा लागतो. काळ्या बसाल्टचा सुमारे दोनशे फुटांचा उभा कडा, आणि वर गावदेवीचं देऊळ. दगडातले उभे खांब एकमेकांना इतके चिकटून आणि इतके सरळ आहेत, की पाथरवटानं टाकी लावून काढलेत असंच वाटावं. हातानं केलेलं काम नाही हे मनाला पटवायला वेळ लागतो.

काम लाव्हाचं आहे. दख्खनच्या ज्वालामुखींच्या काळातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तापलेला खडक निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे थंड पृष्ठभागाकडून काटकोनात आत उतरत जातात. त्यातून पाच-सहा बाजूंचे खांब आपोआप वेगळे होतात. अमेरिकेत वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर याच जातीचा.

*

घट आहे म्हणजे कुंभार आहे. जग घडलेलं दिसतं, तेव्हा त्याचाही कर्ता असला पाहिजे. नैयायिकांचा हा युक्तिवाद. दहाव्या शतकात मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजलि’ हा ग्रंथच ईश्वरसिद्धीसाठी लिहिला. पाच स्तबक, आणि प्रत्येकात प्रतिपक्षाचा एकेक आक्षेप घेऊन त्याला उत्तर. इतक्या निष्ठेनं देवाची बाजू मांडणारं तर्कशास्त्र जगात फार थोड्या ठिकाणी झालं असेल.

याच्या कितीतरी आधी, सातव्या शतकाच्या सुमारास, धर्मकीर्ती या बौद्ध पंडितानं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. वारूळही मातीचंच असतं आणि त्यालाही आकार असतो. मातीचा आकार दिसला की कुंभार मानायचा असेल, तर वारूळही कुंभारानंच केलं म्हणा. घटाच्या बाबतीत अनुमान चालतं, कारण कुंभाराला घट करताना आपण पाहिलेलं असतं. जग करताना कुणी कुणाला पाहिलेलं नाही.

उदयनाचार्यांविषयी मला मनापासून आदर आहे. तरी गिल्बर्ट हिलखाली उभं राहिल्यावर मला धर्मकीर्तीचंच पटतं.

*

धर्मकीर्तीच्या धर्माची माणसं अंधेरीत राहून गेली आहेत. पूर्वेला कोंडिविट्याची लेणी, ज्यांना आपण महाकाली केव्हज म्हणतो, ती बौद्ध भिक्षूंची. जगाचा कर्ता ईश्वर न मानता माणसांनी इथे शतकानुशतकं ध्यान केलं, पावसाळे काढले. नवव्या लेण्यात स्तूपाभोवती दगडातच कोरलेली गोल झोपडी आहे, जाळीच्या खिडक्यांसकट.

*

मीमांसक तर वेद मानणारे, यज्ञ करणारे. त्यांनीही जगाचा कर्ता ईश्वर नाकारला. कुमारिल भट्टांचा प्रश्न होता, की पूर्ण असलेल्या ईश्वराला जग निर्माण करायची गरज काय पडली? सांख्यांनाही जगाचा हिशेब मांडायला ईश्वर लागला नाही. यामुळे कुणी धर्माबाहेर गेलं नाही. पुरावा मागणं म्हणजे श्रद्धेवर घाला, ही समजूत आपल्या परंपरेतून आलेली नाही, हे मला ठासून सांगावंसं वाटतं.

*

अन्सेल्मचा अकराव्या शतकातला युक्तिवाद: ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही ते अस्तित्वात नसेल, तर त्याहून मोठं कल्पिता येईल, म्हणून ते असलंच पाहिजे. कान्टनं १७८१ साली दाखवलं, की ‘असणं’ हा वस्तूच्या गुणांत भर घालणारा गुणच नव्हे. मला यात फार वेळ घालवावासा वाटत नाही. नुसत्या व्याख्येतून कुणी जन्माला येत नाही.

*

इर्ला. मार्च २०१२. वेलंकणी मातेच्या चर्चजवळच्या क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकायला लागलं. लोक जमले, प्रार्थना झाल्या, पाणी बाटल्यांत भरून घरी गेलं. एका वृत्तवाहिनीनं बुद्धिप्रामाण्यवादी सनल एडामारुकू यांना बघायला बोलावलं. त्यांनी ओल कुठून येते ते भिंतीच्या मागे जाऊन शोधलं. जवळच्या स्वच्छतागृहाचा निचरा तुंबला होता. ते पाणी भिंतीतून आणि लाकडातून केशाकर्षणानं, म्हणजे कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं, वर चढत होतं आणि पायांशी बाहेर पडत होतं.

सांडपाणी तीर्थ म्हणून पोटात जात होतं. ते थांबवणाऱ्या माणसानं भाविकांवर उपकारच केले, असं मी मानतो. वाहिनीवरच्या चर्चेत मात्र त्यांनी चर्चवर चमत्कारांतून पैसा करण्याचे आरोप केले, शब्द कडक झाले, आणि काही कॅथलिक संघटनांनी पोलिसांकडे तक्रारी केल्या. धार्मिक भावना दुखावल्याबद्दलचं कलम २९५-अ लागलं. अटक होईल म्हणून त्याच वर्षी एडामारुकू फिनलंडला गेले.

*

चमत्काराविषयी कॅथलिक चर्चची स्वतःची शिस्त याहून कडक आहे, हे इर्ल्याच्या वादात कुणी फारसं बोललं नाही. फ्रान्समधल्या लूर्दला बरं झाल्याचे दावे डॉक्टर तपासतात. १८५८ पासून हजारो दावे आले, आणि चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपास. बाकी सगळे दावे बाजूला ठेवणारे लोक श्रद्धावानच होते.

*

२१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्याला. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला तेव्हा पृष्ठताणानं चमच्यातून ओढलेलं दूध मूर्तीवरून खाली ओघळताना दिसलं. ऑगस्ट २००६, माहीमचा समुद्र गोड झाला. पावसाळ्यात मिठीचं पाणी खाडीत उतरलं होतं, आणि पालिका पिऊ नका म्हणून सांगत असताना लोक ते पीत होते. मिठीच्या काठी राहणाऱ्या कुणालाही त्या नदीत काय जातं ते सांगावं लागत नाही.

*

३ जुलै २०१८, सकाळ, मुसळधार पाऊस. अंधेरीच्या गोखले पुलाची पादचारी बाजू रुळांवर कोसळली. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी पूल पडताना पाहिला, इमर्जन्सी ब्रेक लावला, आणि भरलेली लोकल ढिगाऱ्याच्या अलीकडे थांबली. देवच धावून आला, असं त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर पुष्कळांनी म्हटलं असेल. मीही म्हटलं असतं.

पण पुलाखाली माणसं सापडली होती, आणि जखमींपैकी सगळी वाचली नाहीत. ब्रेक देवानं लावला म्हणायचं, तर गंजलेल्या पुलाखाली त्यांना त्या क्षणी कुणी आणलं याचंही उत्तर द्यावं लागतं. सावंतांची नजर, हाताची सवय आणि प्रशिक्षण यांचं श्रेय सावंतांनाच द्यावं. पुलाची जबाबदारी ज्यांची होती, त्यांचा दोषही नशिबावर ढकलू नये. त्या सकाळपुरता मला हाच हिशेब प्रामाणिक वाटतो.

*

प्रार्थनेनं माणूस बरा होतो का, याची मोजणी झाली आहे. २००६ साली हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या बायपासच्या १८०२ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. पैसा टेम्पल्टन फाउंडेशनचा, म्हणजे धर्माविषयी आस्था असलेल्या संस्थेचा. रुग्णांचे तीन गट. पहिल्या दोन गटांना आपल्यासाठी प्रार्थना होईलच असं सांगितलेलं नव्हतं. एकासाठी ती झाली, गुंतागुंत ५२ टक्के. दुसऱ्यासाठी झाली नाही, ५१ टक्के. तिसऱ्यासाठी झाली आणि ती होणार हे त्यांना ठाऊकही होतं, ५९ टक्के. माझ्यासाठी प्रार्थना करावी लागतेय म्हणजे मी इतका आजारी आहे की काय, या काळजीनं ते झालं असावं, असा एक तर्क संशोधकांनी मांडला.

यावर श्रद्धावान सांगतात, की देव प्रयोगशाळेच्या तारखांना बांधलेला नाही. हे मला मान्य आहे. मग महाकाली रोडवरच्या होली स्पिरिटमधून एखादा पेशंट चालत घरी गेला, तर तोही देवाच्या बाजूचा पुरावा धरता येणार नाही. जे कधीच विरुद्ध जाऊ शकत नाही, ते बाजूनंही जात नाही. या सगळ्या टिपणांतून माझ्या हाती राहणारं एक वाक्य हेच.

आयसीयूबाहेर बाकावर जप करत बसलेल्या बाईला मात्र यातलं एक अक्षरही ऐकवू नये. ती काहीही सिद्ध करायला बसलेली नाही.

*

डॉ. श्रीराम लागू म्हणत, परमेश्वराला रिटायर करा. डॉ. नरेंद्र दाभोलकर म्हणत, आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. दोघे एका व्यासपीठावर बसून महाराष्ट्रभर हा मतभेद लोकांसमोर मांडत. ‘विवेकजागर’चा वाद-संवाद म्हणतात तो हाच. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या एकाच चळवळीतली दोन माणसं उघडपणे असहमत होत आणि मग चळवळीच्या कामाला लागत. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यात गोळ्या घातल्या.

*

एडामारुकूंवर लागलेलं कलम २९५-अ १९२७ सालचं, आता भारतीय न्याय संहितेत २९९. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण कायद्यातच अट आहे: धार्मिक भावना दुखावण्याचा हेतू बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट असला पाहिजे. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम वैध ठरवलं ते याच अटीच्या आधारावर. अजाणता, निष्काळजीपणे किंवा तसा हेतू नसताना झालेला अपमान त्यात येत नाही. तुंबलेला निचरा शोधत भिंतीमागे गेलेल्या माणसाचा हेतू ठिबकणारं पाणी कुठून येतं हे कळावं, एवढाच होता. त्याचे नंतरचे शब्द ज्यांना झोंबले, त्यांना उत्तर द्यायला वर्तमानपत्रं होती, सभागृहं होती, तीच वाहिनी होती. उदयनाचार्यांकडे प्रतिपक्षाला द्यायला पाच स्तबक होते.