रिकामा रकाना

आपले पूर्वज कोण होते हे जाणण्याची जिज्ञासा प्रत्येकास असते. पण ते कोण असावेत, याचा निर्णय त्याने बहुधा आधीच करून ठेवलेला असतो. पूर्वज शूर असावा, निदान खानदानी असावा. आणि गरीब असलाच, तर बाणेदारपणापायी गरीब झालेला असावा! आमचे अमेरिकेतील व्याही या नियमास अपवाद नाहीत. आणि खरे सांगायचे तर मीही नाही.

माझी मुलगी अमेरिकेतील आयोवा संस्थानात नांदते. तिचे सासरे सत्तरी ओलांडलेले. बोलणे मोजके आणि वागणे सरळ. त्यांचे पणजोबा जर्मनीतून आले. घरातील आख्यायिका अशी, की ते बव्हेरियातील एका सरदाराचे पुत्र. १८४८ च्या क्रांतीत राजाविरुद्ध उभे राहिले आणि ती फसताच एकटेच अमेरिकेच्या जहाजावर चढले. मी तरुणपणी दोन वर्षे जर्मन भाषा शिकलो होतो. एवढ्याशा भांडवलावर व्याह्यांनी या शोधातील दुभाष्याचे काम माझ्याकडे सोपविले.

त्यांच्या घरात एकही जुना कागद कसा उरला नाही, याचे मला प्रथम नवल वाटले. त्याचे उत्तर इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर जर्मन असणे हाच तेथे जणू अपराध ठरला. १९१८ साली आयोवाच्या गव्हर्नराने इंग्रजीखेरीज अन्य भाषा शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, इतकेच काय पण टेलिफोनवरही बोलण्यास मनाई केली. व्याह्यांच्या आजोबांनी त्या वर्षी घरातील जर्मन पत्रे चुलीत घातली, असे सांगतात. ज्या भाषेत आठवणी होत्या ती भाषाच गेल्यावर मागे राहिली ती आख्यायिका.

तेव्हा सरकारी दप्तरे धुंडाळणे आले. दप्तरांचेही माणसांसारखेच असते. काही तरतात, काही बुडतात. ब्रेमेन बंदरातून लाखो लोक परदेशी गेले, पण तेथील उतारूंच्या जुन्या याद्या जागा अपुरी पडते म्हणून अधिकाऱ्यांनीच नष्ट केल्या. हँबुर्गच्या १८५० पासूनच्या याद्या मात्र पुष्कळशा टिकून आहेत. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर १८९७ साली लागलेल्या आगीत तेथील जुनी दप्तरे भस्म झाली. पण जहाजांचे कप्तान जकात खात्याला ज्या याद्या देत, त्या निराळ्या ठिकाणी असल्यामुळे बचावल्या. १८९० च्या अमेरिकन खानेसुमारीच्या कागदांनाही १९२१ साली आग लागली, आणि जे ओले, करपलेले उरले तेही पुढे निकालात काढण्यात आले.

व्याह्यांनी यातून चिकाटीने वाट काढली होती. १९०० च्या खानेसुमारीत परदेशात जन्मलेल्यास आगमनाचे वर्ष विचारीत. पणजोबांच्या नावापुढे १८६७ हा आकडा होता. वयाचा हिशेब करता १८४८ साली हा क्रांतिवीर अवघा चार वर्षांचा ठरत होता! व्याही यावर मोकळेपणाने हसले. पण सरदारपुत्राची कल्पना त्यांनी सोडली नाही. जकात खात्याच्या यादीतही त्याच वर्षी न्यूयॉर्कला लागलेल्या एका जहाजावर ते सापडले : वय २३, धंदा मजुरी. लगेच खालच्या ओळीत त्याच आडनावाची एक बाई होती, वय ४५. १८७० च्या खानेसुमारीत ती त्याच घरात राहते. परंतु कुटुंबप्रमुखाशी नाते लिहिण्याचा रकाना तक्त्यात १८८० साली आला, आणि तोवर ती वारली होती. ‘असेल कोणी आत्या’ असे म्हणून व्याह्यांनी तिला बाजूस सारले.

मूळ गावाचे नाव सरकारी कागदांत मिळेना. नागरिकत्वाच्या जुन्या कागदांवर बहुधा नुसत्या देशाचेच नाव असे. ते मिळाले आयोवातील एका जर्मन कॅथॉलिक चर्चच्या दफनवहीत. मृत माणूस कोठून आला हे कोण्या पाद्र्याने आस्थेने टिपून ठेवले होते : बव्हेरियातील पासाउ शहराच्या आसमंतातील एक खेडे. पासाउच्या धर्मप्रांताच्या जुन्या नोंदवह्या आज संगणकावर कोणासही पाहता येतात. तेव्हा एका रविवारी पुण्यातील माझ्या टेबलाशी बसून मी त्या खेड्याची बाप्तिस्म्यांची वही उघडली.

जुनी जर्मन लिपी म्हणजे आपल्या मोडीचीच बहीण. छापील अक्षर वाचणारा पंडित तिच्यापुढे निरक्षर होतो. तीन रविवार फुकट गेले. चौथ्या रविवारी नोंद लागली. मुलाचे नाव जुळले, जन्मवर्ष १८४४ जुळले. आईचे नाव होते. ती एका शेतावर मोलकरीण होती. बापाचा रकाना रिकामा होता, आणि कडेला ‘अनौरस’ या अर्थाचा एक शब्द होता.

मी ते पान मिटले. पुढे आठ दिवस मी व्याह्यांस काहीही कळविले नाही. एका वृद्ध सज्जनास, त्यातून मुलीच्या सासऱ्यास, हे लिहावे तरी कोणत्या शब्दांत? नोंद सापडत नाही असे लिहून मोकळे व्हावे, असेही मनात येऊन गेले. ते असत्य कोणाच्याच ध्यानात आले नसते.

त्या आठ दिवसांत मी त्या काळच्या बव्हेरियाविषयी वाचीत होतो. तेथे गरिबास लग्न करावयाचे तर गावाची संमती लागे. ज्यास घर नाही, जमीन नाही, पक्का धंदा नाही, त्यास ती मिळणे कठीण. कारण त्याची मुलेबाळे उद्या गावाच्या दानधर्मावर पडतील, ही धास्ती! १८३४ च्या कायद्याने गावाचा हा अधिकार बळकट केला. १८६८ साली ते निर्बंध सैल झाले. याचा परिणाम असा, की शतकाच्या मध्यास तेथे जन्मणाऱ्या पाच मुलांमागे सुमारे एकाची नोंद अनौरस म्हणून होई. म्हणजे लग्नाची वाट गावानेच अडवावयाची, आणि मग मुलास नावही गावाच्याच वहीने ठेवावयाचे!

हे वाचता वाचता मला जहाजाच्या यादीतील ती दुसरी ओळ आठवली. मी वहीतील आईचे नाव तिच्याशी ताडून पाहिले. दोन्ही नावे एकच होती. ती आत्या नव्हती. पणजोबा एकटे आले नव्हते. पंचेचाळिसाव्या वर्षी, गाव मागे टाकून, त्यांची आई त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून आली होती.

मग मात्र मी सारे लिहिले, काहीही न लपविता. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी व्याह्यांचा टेलिफोन आला. बराच वेळ ते हवापाण्याचे बोलले. शेवटी म्हणाले, “म्हणजे आमचे आडनाव तिचे आहे.” आणि थोडे थांबून, “तिला मी आत्या म्हणत होतो.”

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. व्याह्यांच्या दिवाणखान्यात वंशवृक्षाचा एक तक्ता टांगलेला असतो. जेथे पूर्वी सरदाराची जागा राखून ठेवलेली होती, तेथे त्यांनी आपल्या हाताने त्या मोलकरणीचे नाव लिहिले आहे. शेजारची जागा तशीच कोरी आहे.

आमच्या घरीही एक कुलवृत्तांत आहे. त्यात दहा पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे आहेत, मध्ये एकही जागा रिकामी नाही, याचा मला मोठा अभिमान असे. परत आल्यावर तो काढून मी माझ्या पणजोबांचे पान उघडले. ‘प्रथम संबंधास संतती नाही’ एवढे एक वाक्य तेथे आहे. त्या प्रथम संबंधाचे नाव नाही. द्वितीय पत्नीचे, म्हणजे माझ्या पणजीचे, सासरचे नाव आहे. माहेरच्या नावापुढे नुसती एक रेघ आहे. हे पुस्तक मी आजवर पन्नास वेळा तरी चाळले असेन. ती रेघ मला त्या दिवशी प्रथम दिसली.