हवेवर जगणारी झाडं

एप्रिलातल्या दुपारी पुण्याची हवा इतकी कोरडी होते की खिडकीतल्या टिलँड्सियाची पानं आत वळू लागतात. अमेरिका खंडांतली ही झाडं मातीशिवाय जगतात. मुळं बहुतेक आधारापुरतीच. पाणी शोषतात ते पानांवरचे रुपेरी, सूक्ष्म खवले. म्हणून उन्हाळ्यात मी त्यांना अधूनमधून २०-३० मिनिटं पाण्यात बुडवते आणि मग उलटी धरून झटकते. बेचक्यात पाणी साचलं तर गाभा कुजतो. साधारण ४ तासांत झाड सुकायला हवं. हे काम सकाळचंच. ही झाडं पर्णरंध्रं रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतात. तेव्हा पानं ओली असली, तर त्यांचा श्वासच अडतो.

जुलैत सगळं उलटं. हवाच दमट, म्हणून बुडवणं कमी करते आणि पंखा मंद चालू ठेवते. ओलाव्याला खेळत्या हवेची जोड नसेल, तर तोच झाडाच्या जिवावर उठतो.

पाणी देण्याइतकंच ते वेळेवर थांबवणंही मायेचं काम आहे, हे या झाडांच्या सहवासात मला मनापासून पटत गेलं.