अंडं नासत नाही

चालायला माणसाला आमिष लागावं, ही कल्पनाच मला कित्येक वर्षं अपमानाची वाटत असे. २०१६च्या जुलैत पोकेमॉन गो हा चालत फिरून खेळायचा फोनवरचा खेळ आला, तेव्हा भारतात तो रीतसर सुरूही झाला नव्हता. तरी पोरांनी कुठून कुठून फोनमध्ये उतरवून घेतला आणि ठाण्याच्या तलावपाळीवर माना खाली घालून त्यांचे घोळके फिरू लागले. समोर अख्खा मासुंदा तलाव असताना ज्याला फोनमधला पिवळा उंदीर बघावासा वाटतो त्याने घरीच बसावं, असं मी चारचौघांत ठासून सांगायचे. डिसेंबरमध्ये जिओचा हात धरून खेळ भारतात आला आणि त्याच महिन्यात माझ्या हाती ब्रह्मास्त्र लागलं. हार्वर्डच्या संशोधकांचा एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. १८ ते ३५ वयाच्या खेळाडूंची पावलं त्यांनी तपासली होती. खेळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावलांनी वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत सगळे पुन्हा मूळपदावर आले. हा आकडा मी किती जणांच्या तोंडावर मारला असेन!

माझं रक्त तपासल्यावर साखर काठावर निघाली आणि डॉक्टरांनी जेवणानंतर चालायला सांगितलं, तेव्हाही मला खेळ-बिळ नकोच होता. योकोहामाला नोकरी करणाऱ्या भाच्याने मात्र परस्पर पार्सल धाडलं. पोस्टमनला कस्टम ड्युटी मोजून खोका उघडला, तर आत पोकेमॉन गो प्लस. नकाशावर ठिकाण दाखवायची खूण असते ना, त्या आकाराचं इवलंसं यंत्र, मधोमध एक बटण आणि मनगटाला बांधायचा कापडी पट्टा. पडदा नाही, आकडे नाहीत, साधं घड्याळसुद्धा नाही. माहितीपत्रक जपानीत.

कपड्याला अडकवायची चिमटी काढून पट्टा बसवायचा तर मागचा एक बारीक स्क्रू काढावा लागतो. घरातले स्क्रू ड्रायव्हर त्याच्यापुढे पहारीएवढे. शेवटी चष्मेवाल्याने तो दोन मिनिटांत काढून दिला, पैसेही घेतले नाहीत. मग जोडणी. फोनच्या ब्लूटूथच्या यादीत मी ते यंत्र शोधत बसले. भाचा व्हिडिओ कॉलवर हसून म्हणाला, "मावशी, तिथे नाही गं, खेळाच्या आत जा." खेळाच्या सेटिंगमध्ये त्या यंत्राचं नाव असतं, ते निवडून हातातलं बटण दाबलं की दोघांची गाठ पडते. फोनला आपलं ठिकाण कळू द्यावं लागतं, ब्लूटूथ चालू लागतं आणि बॅटरी वाचवायच्या नादात फोन खेळाचा मागच्या मागे गळा दाबणार नाही, हे बघावं लागतं. साधारण तासाभराने जोडणी आपोआप सुटते, ती पुन्हा करायची. आणि "फोन खिशात ठेव" ही सूचना साडी नेसणाऱ्या बाईला देऊन काय उपयोग, असा टोमणाही मी मारून घेतला. फोन पर्समध्ये गेला.

चालायला लागल्यावर कळलं की हा पट्टा पावलं मोजतच नाही. जवळ खेळातला थांबा आला की निळा दिवा लागतो आणि मनगटाला थरथर जाणवते. पोकेमॉन, म्हणजे खेळात पकडायचा प्राणी, आला की हिरवा, आधी कधी न पकडलेला असला की पिवळा. बटण दाबायचं. चेंडू एकदाच फेकला जातो. सापडला तर रंगीबेरंगी लुकलुकतं, निसटला तर लाल. एवढंच. काय सापडलं ते घरी जाऊन बघायचं. थांबे म्हणजे बहुतेक देवळं, पुतळे, कारंजी अशाच जागा. (याच देवळांपायी २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिका गेली होती. देवस्थानाच्या जागी खेळातली अंडी मिळतात, त्याने भाविकांच्या भावना दुखावतात, अशी तक्रार होती. माझी आई असती तर याचिकाकर्त्याच्या बाजूने उभी राहिली असती.) ही अंडी चालून उबवायची असतात. कुठलं दोन किलोमीटरचं, कुठलं पाचाचं, कुठलं दहाचं. गाडीत बसून उबत नाहीत, वेग वाढला की अंतर धरलं जात नाही.

त्याच सुमारास आमच्या कचेरीत निरोगी राहण्याची मोहीम निघाली आणि प्रत्येकाला फिटनेस बँड वाटले गेले. हे खरं काम, असं मला वाटलं. पडदा, नाडी, झोप, उष्मांक आणि रोजचं लक्ष्य दहा हजार पावलं. विभागाविभागांत चढाओढ लागली. एकाने बँड घरच्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवला आणि तो पहिला आला. ते सोडा. पण रात्री नऊ वाजता माझ्या मनगटावर "अजून चार हजार बाकी" अशी सूचना यायची आणि मी स्वयंपाकघर ते गॅलरी अशा येरझाऱ्या घालायचे, पदर खोचून, घामाघूम होऊन. एक दिवस चुकला की सलग दिवसांची साखळी तुटायची आणि खाली उदास चेहरा उमटायचा. आपण औषध घेतोय अशी माझी समजूत होती.

पुढे त्या दहा हजारांचं मूळ वाचलं. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाची हवा होती. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचा पावलं मोजणारा काटा बाजारात आणला आणि दहा हजार हा आकडा त्याच्या नावातच घातला. गोल, लक्षात राहणारा, विकायला सोपा आकडा. संशोधक आय-मिन ली यांच्या गटाने २०१९ मध्ये सोळा हजारांहून अधिक वयस्क अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फरक पडेना. म्हणजे ज्या आकड्यापायी मी रात्री गॅलरीत धापा टाकत होते, तो एका खेळण्याच्या विक्रीतून आलेला. माझ्या दोन्ही मनगटांवर खेळच होता. एक डॉक्टरांचा कोट घालून आला होता, एवढाच फरक.

इथे माझं मत फिरलं. पोकेमॉनच्या पट्ट्याने मला कधी रागावलं नाही. सलग सात दिवसांचं बक्षीस त्या खेळातही आहे, आमिष नाहीच असं मी म्हणणार नाही. पण अर्धं उबलेलं अंडं आठवडाभर तसंच राहतं. पाऊस पडला, पाहुणे आले, गुडघा धरला, अंडं नासत नाही. आपल्या शरीराचं आपल्याला कळत नाही, असा आव त्या यंत्राला आणता येत नाही, कारण शरीराबद्दल त्याला काही ठाऊकच नाही. आणि पडदा नसल्याने झालं उलटंच. माना खाली घालणाऱ्यांवर टीका करणारी मी मान वर ठेवून चालू लागले. कोपिनेश्वराच्या बाजूने वळून गडकरी रंगायतनाकडे येईपर्यंत मनगट थरथरायचं आणि मी अंधारात बटण दाबायचे. कचेरीचा बँड मात्र मला दर दोन मिनिटांनी आकडा बघायला लावत असे.

हार्वर्डचा तो अभ्यास मी अजूनही मानते. फक्त आता तो मी दुसऱ्याच्या तोंडावर मारत नाही. सहा आठवड्यांत उत्साह ओसरतो, ठीक आहे. कचेरीतले बँड किती दिवस टिकले? आमच्या विभागातले बहुतेक पावसाळ्याच्या आत ड्रॉवरमध्ये गेले होते.

एका बाबतीत मात्र मी अजून संशयीच आहे. हा खेळ ज्या नायांटिक कंपनीने काढला ती गुगलमधून निघालेली आणि तिचे संस्थापक जॉन हॅन्की आधी गुगल अर्थच्या कामात होते. नकाशा हाच त्यांचा मूळ धंदा. खेळाडूंनी आजूबाजूच्या जागा टिपून पाठवलेली दृश्यं नकाशाच्या संगणकी प्रारूपासाठी वापरल्याचं २०२४ मध्ये कंपनीनेच सांगितलं. २०२५ मध्ये खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरला स्कोपली नावाच्या कंपनीला विकला गेला, आणि स्कोपलीमागे सौदी अरेबियाच्या सरकारी निधीचा पैसा आहे. ठाण्यातली एक बाई रात्री कुठे चालते, हे रियाधपर्यंत कुणाला कशाला कळावं? म्हणून खेळ बंद असतानाही अंतर मोजत राहणारी सोय मी कायमची बंद ठेवली आहे. पट्टा जोडलेला असतो तेवढंच चालणं धरलं जातं. स्टेशनचे जिने, भाजी, बँक, हे सगळं हिशेबाबाहेर.

२०२३ च्या जुलैत त्या यंत्राची नवी आवृत्ती आली. ती रात्री उशीशी ठेवायची, बटण दाबून झोपायचं आणि सकाळी झोपेचे गुण बघायचे. साडेआठ तास झोपलात तर शंभरपैकी शंभर. भाच्याने विचारलं, "मावशी, पाठवू का?" नको म्हटलं. मला सहा तासांत जाग येते, आईलाही यायची. रोज सकाळी सत्तर गुणांचं प्रगतिपुस्तक वाचून उठायची माझी तयारी नाही, मग ते त्या पिवळ्या उंदराने, पिकाचूने, का दिलेलं असेना.