येऊ का नको?

नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि नवरदेवाकडून कापड घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. पुतणीच्या लग्नाच्या यादीला बसलो, तेव्हा हॉल, आचारी, मानपान सगळं अर्ध्या तासात मिटलं. अडलं ते कान पिळण्यापाशी. नवरीचा भाऊ न्यू जर्सीत आहे आणि गेले दोन महिने फोनवर तो एकच विचारतोय, "काका, येऊ का नको?"

आमच्या घरात येण्याबद्दल असं कुणी कधी विचारलं नव्हतं. जाण्याबद्दल मात्र रामायण झालं होतं.

1996 साली माझा धाकटा भाऊ अमेरिकेला निघाला. पासपोर्ट तेव्हा पुण्याचा. इथं कोल्हापुरात पोस्टात केंद्र झालं ते थेट 2017 मध्ये. चौकशीला हवालदार आले, चहा घेतला, गल्लीतल्या दोघांच्या सह्या घेऊन गेले. पुढं आठ दिवस 'पोलीस कशाला आले होते' याचा खुलासा आई दारोदार करत होती. व्हिसासाठी आम्ही दोघं रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला. अमेरिकन वकिलात त्या वेळी ब्रीच कँडीला, वांकानेरच्या राजाच्या जुन्या वाड्यात होती. वांद्रे-कुर्ला संकुलात ती 2011 ला गेली. पहाटे फुटपाथवर रांग, समुद्राचा खारा वारा, आणि प्रत्येकाची फाईल छातीशी धरलेली. मी पलीकडच्या बाजूला उभा. धाकटा बाहेर आला तेव्हा चालण्यावरूनच कळलं. एसटीडी बूथवरून घरी फोन लावला, आणि आईनं बोललेली अंबाबाईची ओटी त्याच संध्याकाळी भरली.

आजीनं मात्र मोडता घालून बघितला. इतिहास तिला तेवढाच पाठ होता. छत्रपती राजाराम महाराज 1870 ला विलायतेला गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. "राजा परत आला नाही, हा कुठला येतोय?" (महाराजांच्या काळी व्हिसाची आजच्यासारखी भानगड नव्हती, हे मला बरंच नंतर सुचलं.)

पण धाकटा येत राहिला. शिक्का एकदा बसला की तो आपला, ही आमची समजूत, आणि पुष्कळशी खरीही. त्याची मुदत संपली तेव्हा त्यानं पासपोर्ट तिथल्या तिथं सेंट लुईसला टपालानं पाठवला आणि नवा शिक्का मारून घेतला. नवरात्राला यायचा. एकदा नुसता आंबे खायला आला. आईला दवाखान्यात ठेवलं तर रात्री फोन केला आणि तिसऱ्या दिवशी हा दारात. घोर असायचा तो तिकिटाच्या पैशाचा आणि रजेचा.

ती टपालाची सोय अमेरिकेनं 16 जुलै 2004 ला बंद केली. व्हिसासाठी बोटांचे ठसे घ्यायचं ठरलं, आणि बोटं काही पाकिटात घालून पाठवता येत नाहीत. 'स्टॅम्पिंग', म्हणजे इकडं येऊन नवा शिक्का घेणं, हा शब्द आमच्या घरात आला तो तेव्हापासून. तरी तेही अंगवळणी पडलं. मुलाखतीशिवाय ड्रॉपबॉक्समध्ये कागद टाकायचे, चार दिवस रंकाळ्यावर फिरायचं, पासपोर्ट हातात आला की बॅग भरायची.

न्यू जर्सीतल्या पुतण्यामुळं मला या वयात एक नवी गोष्ट कळली. व्हिसा वेगळा आणि तिथं राहायचा परवाना वेगळा. व्हिसा दारातून आत येण्यापुरता. आत असलेल्याचा तो संपला तरी परवाना आहे तोवर त्यानं खुशाल नोकरी करावी. बाहेर पडला की मात्र नव्यानं मागायचा. व्हिसा रद्द करतात तेव्हाही बऱ्याचदा असंच, आत आहे त्याला हलवत नाहीत, उंबरा ओलांडला की रद्द. पुतण्याचा शिक्का संपलाय, परवाना अजून दीड वर्ष आहे. म्हणजे त्याचं तिकडं सगळं बरं चाललंय, फक्त बहिणीच्या लग्नाला यायचं नाही!

2025 च्या सप्टेंबरपासून तर दर महिन्याला नवीन. 2 तारखेला ड्रॉपबॉक्स बहुतेकांना बंद झाला, मुलाखत सक्तीची. 19 तारखेला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलर फीचा आदेश निघाला. तो फक्त नव्या अर्जांना आहे हे दुसऱ्या दिवशी उलगडलं, पण तोवर इकडं यायला विमानात बसलेली माणसं धास्तीनं उतरून घरी गेली होती. मग 15 डिसेंबरपासून एच-वन-बी आणि त्यांच्या घरच्यांच्या, म्हणजे एच-फोरवाल्यांच्या, समाजमाध्यमांची छाननी. खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची. त्या महिन्यातल्या कित्येक मुलाखती मार्चवर गेल्या, काही त्याहून पुढं. कुणी आजारी वडिलांना भेटायला आलेलं, कुणी स्वतःच्याच साखरपुड्याला. नोकरी, घरभाडं, पोरांची शाळा तिकडं, आणि माणूस इकडं. पुतण्याचीही तारीख गेली. तो निघाला नव्हता, हे नशीब म्हणायचं का काय, ते वहिनीला विचारायची माझी हिंमत नाही.

एकट्या अमेरिकेला बोल लावण्यात अर्थ नाही. धाकटा तिथला नागरिक झाल्यावर त्यानं भारताचं ओसीआय कार्ड काढलं, "हा आजन्म व्हिसा" म्हणून कौतुकानं दाखवलं. 13 मार्च 2020 ला कोरोनापायी भारतानं जवळजवळ सगळे व्हिसा थांबवले, ओसीआयची मुभासुद्धा. आमची आई त्याच आठवड्यात गेली. पंचगंगेच्या घाटावर रक्षाविसर्जनाला मी नैवेद्याच्या पानासमोर फोन धरून उभा होतो. कावळा लवकर शिवेना. सगळे म्हणाले, "धाकट्याची वाट बघतीय." तिकडं तो रात्री जागा राहून हे ऐकत होता.

आता गुरुजींनी तीन मुहूर्त काढून दिलेत आणि वहिनी तिन्ही तारखा मुलाला कळवून मुलाखतीच्या स्लॉटची वाट बघत बसलीय. काल छापखान्यातून फोन आला, तारीख कोणती टाकू? मी म्हटलं, बाकी सगळं लावून ठेवा, तेवढी जागा मोकळी असू दे. वहिनीनं धाकट्या चुलत भावाला तयार करून ठेवलंय. परवा त्याला बजावत होती, "कान तू पीळ. पण कापडं दोन माग."