अष्टमीची शर्यत

आयोजकांशिवाय केलेली लांब पल्ल्याची ट्रायथलॉन म्हणजे फार तर दमवणारी सहल, ती शर्यत नव्हे, असं मी आजवर अनेकांना ठासून सांगत आले. 3.8 किलोमीटर पोहायचं, 180 किलोमीटर सायकल चालवायची, वर 42.2 किलोमीटर धावायचं, आणि एवढं करून मोजणारं कुणीच नसेल तर ते झालं कशावरून? घोट्याला बांधलेली चिप, पाण्यातल्या कयाक, वाहनांना बंद केलेले रस्ते, पाणी घेऊन उभे असलेले स्वयंसेवक हे सगळं मला शर्यतीचंच अंग वाटायचं. त्याची किंमत आजही मी मानते. पण त्याच्याशिवाय शर्यत होऊच शकत नाही, हे मत मी आता सोडलं आहे.

यंदा ज्या परदेशी स्पर्धेसाठी तयारी केली होती, ती रद्द झाली. प्रवेश शुल्क पुढच्या वर्षासाठी वळतं होईल, अंगात मुरलेला सराव तसा वळता होत नाही. सरावातल्या एका मित्राने सुचवलं, ‘मालवणात आपलं आपणच करू.’ मी तिथल्या तिथे नकार दिला. नंतर मात्र त्या नकाराची कारणं माझ्याच मनाला पटेनात.

याच अंतरांची ट्रायथलॉन म्हणजे आयर्नमॅन. पहिली आयर्नमॅन झाली ती 18 फेब्रुवारी 1978 रोजी, हवाईतल्या ओआहू बेटावर. पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पूर्ण केली. रस्ते बंद नव्हते आणि पाण्याची टेबलं मांडलेली नव्हती. ज्याने त्याने आपापली मदतीची माणसं आणायची, असाच रिवाज होता. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या माणसांजवळचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर प्यायला दिली. पहिला आलेला गॉर्डन हॅलर 11 तास 46 मिनिटं 58 सेकंदांत पोचला. ज्या शर्यतीचं नाव आपण इतक्या आदराने घेतो, तिचा जन्मच असा घरच्या शिदोरीवर झाला. नॉर्वेच्या नॉर्समन ट्रायथलॉनमध्ये तर आजही स्वतःची मदतनीस माणसं सोबत असावीच लागतात.

आणि आपल्याकडची सायकलची ब्रेव्हे? दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. नियंत्रण चौक्या सोडल्या तर वाटेत सोबतच्या गाडीची मदत घ्यायची नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं. पहाटे चारला धाब्यावर चहा पीत बसलेल्या त्या सायकलस्वारांना मी कधी खोटं म्हटलं नाही. मग ट्रायथलॉनलाच वेगळा न्याय का?

मित्राला होकार कळवला आणि मालवणला गेले ती तारीख ठरवायला. माझ्या डोक्यात रविवार होता, कारण स्पर्धा रविवारी होतात. चिवला किनाऱ्यावरचे होडीवाले काका म्हणाले, ‘बाय, दर्याक आयतवार कसलो?’ मग त्यांनी तिथीचा हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. जागेनुसार थोडाफार फरक पडतो, पण अंदाज पक्का. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण, तेव्हा ओढ जोराची. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि ओढही कमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती साधारण सकाळी सहाच्या आसपास. उजाडताना पाणी भरलेलं आणि ओढ मंद, पोहणाऱ्याला आणखी काय हवं? फेब्रुवारीतली अष्टमी ठरली. आजवर पोहायची वेळ मला कुणीतरी पाठवलेल्या माहितीपत्रकात छापून मिळायची. या वेळी ती वेळ तीच का, हेही मला कळलं.

त्यानंतर एकेक प्रश्न असाच उकलत गेला. सागरी रस्त्यावर चढउतार आणि आंधळी वळणं. म्हणून सायकल चौपदरी महामार्गावर, कसाल ते झाराप याच पट्ट्यात फेऱ्या मारत, आणि सूर्यास्ताआधी संपवायची. धावणं गावातल्या दिवे असलेल्या रस्त्यावर, लहान फेरीत, म्हणजे मी सगळ्यांच्या नजरेआड फार वेळ राहणार नाही. पाण्यासाठी कोकणातल्या दुपारी तासभर सायकल चालवून आधी-नंतर वजन केलं. जेवढं वजन घटतं, जवळजवळ तेवढाच घाम गेलेला असतो. एक किलो म्हणजे एक लिटर. घाम गेला तेवढं सगळं पाणी ढोसायचं नसतं, पण मापाशिवाय अंदाज चुकतो. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं धरून माझ्या वहिनीने वहीत कोष्टक केलं आहे: खजूर, केळी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याची चिक्की, जलसंजीवनी. ती प्रत्येक फेरीला मी काय घेतलं ते टिपणार आहे.

महामार्ग माझ्यासाठी बंद होणार नाही आणि दवाखान्याचा तंबूही दारात नसेल. हे उणेपण जिद्दीने भरून निघत नाही, भरून काढायला जाऊही नये. म्हणून थांबवण्याचा अधिकार मी स्वतःकडे ठेवलेला नाही. पाण्यातून बाहेर काढायचा हक्क काकांचा, सायकलवरून उतरवायचा वहिनीचा. त्यांनी थांब म्हटलं की वाद नाही. दमलेल्या माणसाला स्वतःची अवस्था नीट कळत नाही, आणि ते कळणारं माणूस आधीच नेमून ठेवणं ही तयारीतली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, असं मला आता वाटतं.

माझं मत बदललं ते इथे. शर्यत खरी ठरते ती आधी घातलेल्या नियमांनी आणि ते मोडू न देणाऱ्या माणसांनी. मोठ्या स्पर्धेत हे काम शेकडो लोक करतात आणि खेळाडूला ते दिसतही नाही. मलाही दिसलं नव्हतं. त्या लोकांबद्दलचा माझा आदर या तयारीने वाढवला. पुढच्या वर्षी ती परदेशातली स्पर्धा झाली तर मी आनंदाने जाईन, आणि पाण्याचा पेला पुढे करणाऱ्या हाताकडे अधिक लक्ष देईन. पण तिच्यावाचून आपलं वर्ष वाया गेलं, असं मी यापुढे म्हणणार नाही.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी वारा फिरला आणि काकांनी मान हलवली, तर आम्ही सामान आवरून परत येऊ. पंधरवड्याने पुन्हा अष्टमी येते.